आई गाळायची ती ओळ

आमची आई भक्तीची पक्की. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली तर त्या दिवशी चहासुद्धा मिळायचा नाही. पण प्रभूची प्रार्थना म्हणताना, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो ही ओळ आली की तिचे ओठ मिटत. सगळं चर्च म्हणे, ही गप्प. पुढच्या ओळीला परत चालू. मला आपलं वाटे, तिला तेवढीच पाठ नाही.

कारण होती आत्या. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला, परळच्या एका प्रसूतिगृहात, दिवस भरायच्या आत. बाळ निळं पडलेलं. आत्या सोबत होती. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाला स्वर्ग नाही, असं आमच्यात मानत. म्हणून अशा वेळी फादरची वाट बघायची नसते. कोणीही, अगदी वॉर्डातल्या हिंदू आयाबाईनेही, डोक्यावर पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला तरी तो खरा. फक्त जीव असेपर्यंत. मेलेल्याला बाप्तिस्मा नसतो. आत्या रविवारी पोरांना हेच शिकवायची, आणि ऐन वेळी घाबरून फादरना बोलवायला पळाली. ती येईतो सगळं आटपलं होतं. आईने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

गेल्या उपवासकाळात आत्याने मला निरोप धाडला, "वहिनीला घेऊन ये. तिने माफ केल्याशिवाय मी जाऊ कशी?"

आई हटून बसली. मी चिडले. "आत्ता बोलत नाहीस, मग काय मढ्याशी बोलणार?" तेव्हा कुठे तिने पायात चपला घातल्या.

लालबागच्या चाळीतली खोली. भर दुपार. खाली मिरची कांडायची गिरणी धडधडत होती, पण आत पाऊल टाकलं आणि तो आवाज ऐकूच येईना. आत्या वाळून काटकी झालेली. मोरीकडे बोट करून मला म्हणाली, "ग्लास भर गं. तहानलाय तो."

"कोण?"

"उभा नाही का तिथे?"

अगं बाई! तिथे तर कोणीच नव्हतं. ग्लास भरून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला, आईला स्टूल दिलं, वळून बघते तर ग्लास रिकामा. कट्ट्यावर हात फिरवला, कोरडा ठाक. आईनेही पाहिलं.

आत्या म्हणाली, "प्रार्थना म्हणू या." आम्ही तिघी म्हणू लागलो. ती ओळ आली आणि आई थांबली. आत्याही थांबली, आईच्या तोंडाकडे बघत. मीही थांबले. तरी ओळ म्हटली गेली. बारीक आवाजात, अडखळत, नुकतं बोलायला लागलेलं पोर बोलतं तशी, पण अख्खी. शपथ घेऊ नये असं आम्हाला शिकवलंय, नाहीतर घेतली असती.

"ऐकलंस ना वहिनी? रोज म्हणतो. मला माफ कर गं. नळ माझ्या हाताशी होता."

आई उठली. मला वाटलं, निघाली. पण तिने आत्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हमसून हमसून रडली. "केलं, ताई. तुम्ही निवांत व्हा."

जिन्यात तिने माझा दंड धरला. मी म्हटलं, "झालीस ना मोकळी? एवढ्यासाठी जन्म घालवलास."

"तो रडलाच नव्हता," आई म्हणाली. "पोटातच गेला होता. डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं. ताईंना ठाऊक नव्हतं. दोष द्यायला मला कोणीतरी हवं होतं."

मग वर मोरीपाशी कोण होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्याहून जास्त राग आला. "आणि तू तिला जन्मभर जाळलंस? चल, आत्ताच्या आत्ता वर चल, सांग तिला. माफी माग."

आईने कठडा घट्ट धरला.

"आणि त्यांनी नाही केलं तर?"

आम्ही वर गेलो नाही. त्याच आठवड्यात आत्या गेली.