आडनावांचा शौकीन

त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही. ते इतकं दुर्मिळ आहे की माणूस लगेच सापडेल. स्कॉटलंडमधल्या एका खाडीच्या नावावरून ते पडलं; आता तिथली मोजकी घरं आणि इथे परदेशात, हार्बरफ्रंट बंदराजवळच्या आमच्या ऑफिसातले हे म्हातारे जहाज इंजिनिअर, एवढ्यांकडेच उरलंय. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे आम्ही जेवायला जातो त्या खाण्याच्या गाळ्यांवर, भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न, "आडनाव काय? आलं कुठून?"

मलाही विचारलं. मी भडकले. "आमच्याकडे आडनाव विचारतात ते जात काढायला! म्हणून मी टाकून दिलंय. आईचं नाव, वडिलांचं नाव, बस्स."

त्यांचा चमचा हवेतच थांबला. "आम्ही आमच्या आडनावाचा एकेक माणूस शोधतोय, आणि तू टाकून दिलंस?"

पुढच्या आठवड्यात नागपूरहून नवी इंजिनिअर आली. जेवताना आमच्या भारतीय मॅनेजरांनी विचारलंच, "पूर्ण नाव सांग ना. आडनाव?" तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारबुवांनी नूडल्सचा वाडगा तिच्यापुढे सरकवला.

"नाव सांगितलंय तिनं," ते मॅनेजरांना म्हणाले. "जेवू दे आता."

मग त्यांनी स्वतःही काही विचारलं नाही. जेवण संपेपर्यंत प्रश्न गिळून गिळून बिचारे लालबुंद झाले होते.