व्हर्नाचा कोरडा कागद

लॅव्हॉनने व्हर्नाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला फक्त बूट दिसले. शेजारच्या ड्वेनच्या ट्रेलरच्या, म्हणजे तळ्याकाठी उभ्या केलेल्या चाकांवरच्या घराच्या, उघड्या दारातून गोठ्यात घालायचे रबरी बूट बाहेर आले होते, तळवे आभाळाकडे. कुणी चक्कर येऊन पडलं की काय, म्हणून हातातली किटली गवतावर ठेवून लॅव्हॉन धावली. वाकून पाहते तर एक रुंद बांध्याची बाई सिंकखालच्या कपाटात डोकं खुपसून पालथी पडलेली.

"बरी आहेस ना गं?"

"मला काय धाड भरलीय," कपाटातून आवाज आला. "तो छताचा पंखा बंद कर आणि जरा गप उभी राहा. मला ऐकू दे."

लॅव्हॉन गप उभी राहिली. तिला तळ्यावरच्या बदकांखेरीज काही ऐकू येईना. थोड्या वेळाने कपाटातून एक हात बाहेर आला. बोटांत संडासातल्या कागदाची घडी होती आणि तिचा एक कोपरा ओला होता.

"सापडली गळती. ड्वेन, पाना आण. अख्खी पेटी नको, एक पाना."

अंगणात खुर्ची टाकून बसलेला ड्वेन उठला. जाता जाता लॅव्हॉनच्या कानाशी लागला, "आमची बायकोसुद्धा मला इतकं पळवत नाही."

"तिला तुझ्याकडून काही होण्याची आशा उरली नसेल," कपाट म्हणालं. बाईला खरोखरच सगळं ऐकू येत होतं.

व्हर्ना स्टूबीचं आयुष्य गाईंमध्ये गेलं. तिचा नवरा एल्मर तरुणपणीच ट्रॅक्टरच्या आवाजाने अर्धा बहिरा झालेला, त्यामुळे दूध काढायच्या यंत्राकडे कान देणं तिच्याकडे आलं. त्या यंत्राच्या नळ्यांतली हवा ओढून घेतलेली असते. एखादा सांधा सैल झाला, कुठे बारीक भेग पडली की हवा शिरते, यंत्र गाईच्या आचळावरून गळून पडतं आणि गाय लाथ झाडते. लाथ बसायच्या आत ती फुसफुस ओळखायची, हे व्हर्नाचं शिक्षण. पुढे गाई विकल्या, एल्मर गेला, आणि तिने तळ्याकाठी, टॅमरॅकच्या झाडांखाली एक लहानसा जुना ट्रेलर घेतला. तिथे दर मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, सगळ्यांच्या ट्रेलरच्या नळ्या गळतात हे तिला पहिल्याच वर्षी समजलं. तिला जणू पुन्हा गोठा मिळाला.

तिची पद्धत ठरलेली होती. हिवाळाभर बंद ट्रेलरचं कुलूप उघडलं की लोकांना आधी कॉफी हवी असते, म्हणून ते आल्या आल्या पाणी सोडतात आणि मग जमीन पुसत बसतात. व्हर्ना पाण्याला हात लावू द्यायची नाही. आधी नळ्यांत हवा भरायची, दाबाच्या घड्याळाची सुई कुणाला तरी बघायला लावायची आणि स्वतः भिंतीला कान लावून फिरायची. पाण्याची पाळी त्यानंतर. पाणी सोडलं की प्रत्येक सांध्याला कोरडा कागद गुंडाळायचा. "बोट फसतं," ती म्हणायची. "गार नळ बोटाला ओलाच लागतो. कागदाला तसं होत नाही."

गळती शोधायची ती, दुरुस्ती मात्र ज्याची त्याने करायची. पाना ती कधीच हातात घेत नसे. मोबदल्यात काही भाजलेलं, तळलेलं चालायचं, पण रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या कोरड्या झाल्या असतील तर तसं तोंडावर सांगायची. लोकांचे डबेही परत करायची नाही. लॅव्हॉनचे दोन चांगले डबे अजून तिच्याकडे आहेत.

लॅव्हॉनचा नवरा नॉर्बर्ट झास्ट्रो कागद गिरणीत यंत्रांवर होता. निवृत्तीनंतर ट्रेलर हाच त्याचा कारखाना. शरद ऋतूत ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करायचा दिवस त्याच्या लेखी सणाचा. त्या दिवशी नळ्यांतलं पाणी काढून त्यात न गोठणारं गुलाबी औषध भरतात. एक जण आत पंपाशी बसतो, दुसरा नळामागून नळ उघडत जातो. नळातून गुलाबी धार आली की ओरडायचं, "गुलाबी!" आतून उत्तर येतं, "पुढे!" ऑक्टोबरात तळ्याकाठी दिवसभर हेच चालतं, आणि हंस दक्षिणेला का जातात याचं कारण ड्वेनच्या मते हा आरडाओरडा आहे.

मग एका उन्हाळ्यात नॉर्बर्टला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, डावा हात मात्र लुळा पडला. तरीही त्या ऑक्टोबरात त्याने ड्वेनची मदत घेतली नाही. एका हाताने झडपा फिरवत, दुपारभर खपून, त्याने आपला ट्रेलर आपण बंद केला. लॅव्हॉन नळांशी, तो पंपाशी.

मे महिन्यात पाणी सोडलं आणि पलंगाखालची फळी भिजली.

नॉर्बर्टने वाकून पाहिलं. बाहेर येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हात गेला तो गेला, आता डोकंही गेलं. ड्वेनच्या चुलतभावाला हवा होता ना ट्रेलर? देऊन टाकू." मग त्याने एक पुठ्ठा मांडीवर घेतला आणि त्यावर 'विकणे आहे' असं जाड अक्षरांत लिहायला लागला.

लॅव्हॉनला ट्रेलरचं फारसं अप्रूप नव्हतं. पण ट्रेलर गेला की हा माणूस घरी टीव्हीसमोर बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ती व्हर्नाकडे गेली.

"एक कर. त्याची चूक निघाली तर उंदरांनी कुरतडलंय म्हणून सांग."

व्हर्ना कांदा चिरत होती. "उंदरांना दात असतात, लॅव्हॉन. त्याने दातांच्या खुणा दाखव म्हटलं तर माझे दाखवू?"

"व्हर्ना, चेष्टा नको."

"आधी बघू तर दे." तिने हात पुसले आणि बूट चढवले.

नॉर्बर्टच्या खुर्चीपाशी ती थांबली. पुठ्ठ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. "ऊठ. सुईवर कोण डोळा ठेवणार?"

"ड्वेनला बोलव."

"ड्वेन बडबडतो. मला कमी बोलणारा हवाय."

नॉर्बर्ट कुरकुरत उठला. दाबाचं घड्याळ तिने त्याच्या उजव्या हातात दिलं. हवा भरली. "खाली येतेय," तो म्हणाला. "हळूहळू, पण येतेय." व्हर्ना भिंतीला कान लावून चालू लागली. सिंक, न्हाणी, गिझर, मग पलंगाच्या मागची भिंत. तिथे ती थांबली, डोळे मिटले आणि बोटाने भिंतीवर टकटक केलं. भिंतीच्या पलीकडे, ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला एक झाकण होतं. पोहून आल्यावर पाय धुवायला तिथे एक शॉवर असतो. झाकण उघडलं तर गरम पाण्याच्या नळाच्या प्लास्टिकला केसाएवढी चीर होती, आणि तिच्यातून हवा फुसफुसत होती.

नॉर्बर्टने चीर पाहिली. "पाणी राहिलं. गोठलं. फुटलं," तो म्हणाला. "म्हणजे माझंच."

लॅव्हॉनने व्हर्नाकडे पाहिलं. आता उंदीर येऊ देत, असं तिच्या डोळ्यांत होतं. पण व्हर्नाने तिलाच विचारलं, "बंद करताना इथे कोण उभं होतं?"

"मी."

"गुलाबी आलं?"

"आलं की. दोन्हीतून आलं. मी दोनदा ओरडले."

"आधी कुठला उघडलास?"

"थंड. तो बंद केला आणि गरम उघडला."

"आणि लगेच गुलाबी?"

"लगेच. एक क्षणसुद्धा थांबावं लागलं नाही."

व्हर्नाने शॉवरची नळी उचलून धरली. "नळ दोन, पण नळी एक. थंडाचं गुलाबी या नळीत भरून राहिलं होतं. गरम उघडलास तेव्हा तेच बाहेर आलं. गरमाच्या फाट्यातलं पाणी मागेच राहिलं. थोडा वेळ वाहू द्यायचं असतं. इथे पुष्कळ जण फसतात."

लॅव्हॉनचे कान तापले. नवऱ्यासाठी खोटं मागायला गेलेली बाई आता स्वतःच्या चुकीसमोर उभी होती. तिला लाज वाटली, आणि त्याच वेळी छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटलं.

"ऐकलंस ना?" ती नॉर्बर्टला म्हणाली. "तू आत सगळं नीट केलं होतंस. मीच चुकीचं ओरडले."

नॉर्बर्टने नळीकडे पाहिलं, मग घड्याळाच्या सुईकडे. "जन्मभर माझ्यावर ओरडतेयस," तो म्हणाला, "आणि नेमकी कामाच्या वेळी चुकलीस." त्याच्या तोंडाची उजवी बाजू हसत होती. डावी जरा मागाहून आली.

"उंदीर नव्हते हो," व्हर्ना लॅव्हॉनच्या कानात म्हणाली.

नवा नळ गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाला. व्हर्नाने नेहमीप्रमाणे पाना हातात घेतला नाही. ड्वेन पुढे सरसावला, तर त्याला तिने शेगडी पेटवायला पाठवलं. नॉर्बर्टने डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने नळाभोवती बसवली, खांद्याने रेटून धरलं आणि उजव्या हाताने पाना फिरवला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा लॅव्हॉनचा हात पुढे गेला, तो व्हर्नाने मागे ओढला. चौथ्यांदा बसला.

पाणी सोडलं. व्हर्नाने सांध्याला कागद गुंडाळला आणि तिघंही त्या कागदाकडे बघत उभी राहिली. जरा वेळाने तिने तो सोडवला, नॉर्बर्टला दोन्ही बाजूंनी दाखवला, तो कोरडा होता, आणि त्यातच नाक शिंकरलं.

"शेगडी पेटेना," ड्वेनने हाक मारली. "कोरडं काही आहे का?"

नॉर्बर्टने त्याला पुठ्ठा नेऊन दिला.

मागच्या हिवाळ्यात व्हर्नाच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता तिला जमिनीवर पालथं पडता येत नाही. मे महिन्यात ती लोकांच्या ट्रेलरच्या पायरीवर बसून कान देते, आणि सिंकखालच्या कपाटात डोकं घालून, ती सांगेल त्या सांध्याला कागद गुंडाळायला नॉर्बर्ट जातो.