मोटरी कुणाला आधी

ओल्या वाळ्याचा वास आला की शिंदे की छावनी भागातला कूलरचा कारखाना आठवतो. तिथे मालाच्या नियोजनात मी तेव्हा नवीनच होते. भर उन्हाळ्यात मुलांच्या इस्पितळाने तातडीने कूलर मागितले. सांगाडे तयार होते, पण मोटरींचा ट्रक वाटेतच बंद पडला. नियोजन बघणाऱ्या आमच्या मॅडमनी क्षणभर डोळे मिटले आणि त्या म्हणाल्या, "दुकानदार रुकतील. त्यांच्या कूलरसाठी ठेवलेल्या मोटरी इस्पितळाच्या कूलरांना लावा." थांबलेलं काम धडाक्यात सुरू झालं. संध्याकाळी कूलर पोचवायला मीही इस्पितळात गेले; वॉर्डात गार वारा सुटला आणि दिवसभर रडणारं एक बाळ बघता बघता झोपी गेलं. एका वाक्यात एवढी ताकद असते, हे मी थक्क होऊन पाहत राहिले. आज मोटरी कुणाला आधी द्यायच्या हे मी ठरवते, आणि बोलण्याआधी मीही क्षणभर डोळे मिटते.