म्युझियमच्या अंगणात कावळा शिवेना

वडिलांनी माझा सर्वांत मोठा जाहीर अपमान केला, तेव्हा ते हयात नव्हते.

बाबा गेल्या हिवाळ्यात नागपुरात वारले. मी जाऊन सगळं उरकलं आणि आईला "थोडे दिवस चेंज" म्हणून इकडे अमेरिकेत, श्रूजबरीला घेऊन आलो. (तिचं ग्रीन कार्ड मी पूर्वीच हौसेनं करून ठेवलं होतं. ते त्या माउलीला जन्मठेपेसारखं लागू पडलं.)

"मला घरी कधी सोडतोस रे?" आई विचारायची.

"बर्फ वितळू दे." बर्फ वितळला.

"रियाची परीक्षा होऊ दे." लेकीची परीक्षा झाली.

"तिकडे उन्हाळा आहे, भाजून निघशील!" तिकडे धो धो पाऊस लागला. माझ्याकडचे ऋतूच संपत आले!

तेवढ्यात देवासारखी मेगन भेटली. ही जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये कार्यक्रम आखते. म्युझियम तसं फारच आनंदी! घोड्यांची काळी शववाहिका, पंखवाल्या कवट्या कोरलेले थडग्यांचे दगड आणि मेलेल्या माणसांच्या केसांची विणलेली फुलं. (बायका नवऱ्याच्या केसांची फुलं करून भिंतीवर टांगायच्या. माझी बायको मंजिरी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, "एक पाकळीसुद्धा नाही होणार.")

मेगनला "गेलेल्यांची आठवण" या विषयावर कार्यक्रम करायचा होता. "पण आम्ही तुमच्यासाठी नाही करणार, तुमच्याबरोबर करणार," ती म्हणाली. "काय दाखवायचं, ते कम्युनिटी ठरवेल."

कम्युनिटी म्हणजे मी, मंजिरी, आई आणि पुण्याचे साने काका. दर शनिवारी म्युझियममध्ये मीटिंग. श्राद्धाचं पान कुठल्या दिशेला मांडायचं यावर काका एक अख्खी मीटिंग बोलले. आई थोडा वेळ बसायची आणि शिळ्या पोळीचा डबा घेऊन मागच्या अंगणातल्या बाकावर जायची.

"बसून बसून भूक लागते बाप्पा," ती म्हणायची.

मला वाटलं, रमली! मी फोटो टाकून सगळ्यांना कळवलंही, 'आई इकडे मस्त सेटल झाली!'

शेवटी ठरलं, पितृपक्षात बाबांच्या नावानं कावळ्याला पान ठेवायचं. लोकांसमोर, अंगणात.

"कावळा आलाच नाही तर?" मेगनने विचारलं.

"तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं समजतात," मी ऐटीत म्हणालो. "मग घरच्यांनी मोठ्यानं वचन द्यायचं. इच्छा बरोबर ओळखली की कावळा शिवतो."

मेगनचे डोळे चमकले. "म्हणजे प्रेक्षकांनाही भाग घेता येईल!"

"ते दहाव्याला!" साने काका कडाडले. "पितृपक्षात नव्हे!"

"कम्युनिटीला काय वाटतं?" मेगनने विचारलं. मतदान झालं. काका एकटे पडले. धर्मशास्त्र बहुमतानं हरलं!

तो दिवस उजाडला. केळीचं पान, खीर, वडे, आमसुलाची चटणी. फोल्डिंग खुर्च्या भरल्या. समोरच्या मेपलवर कावळ्यांची अख्खी पलटण बसलेली. मी माइकवर गंभीर आवाजात म्हणालो, "बाबा, या."

कावळे बसून राहिले.

"वचन दे ना काहीतरी!" मंजिरी कुजबुजली.

"बाबा, तुमची स्कूटर विकणार नाही!"

एका कावळ्यानं पंख साफ केला.

"बाबा, मी वजन कमी करीन!"

"ही इच्छा त्यांची नाही, तुमच्या डॉक्टरची आहे," साने काका म्हणाले. माइक चालू होता.

"बाबा, रियाला मराठी लिहायला शिकवीन!"

"डॅड, नो!" खुर्च्यांतून रिया किंचाळली. त्या गडबडीत एक खार आली आणि वडा घेऊन पळाली.

"खार चालते का?" मेगननं हळूच विचारलं.

"नाही!" काका.

आता लोकच सुचवू लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "त्यांना कुणाची माफी मागायची असेल." मागच्या रांगेतल्या बाई उठल्या. "माझ्या नवऱ्याला समुद्र बघायचा होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ." एवढंच बोलून त्या खाली बसल्या. खिरीवर साय धरली. मला हॉस्पिटलमधले बाबा दिसायला लागले. तोंडावरचा मास्क बाजूला करून ते म्हणाले होते, "हिला तिच्या घरातून हलवू नको." मी "हो" म्हणालो होतो आणि पंधरवड्यात तिला विमानात बसवलं होतं.

आई पहिल्या रांगेत होती. पदर आवळून, माझ्याकडे बघत.

"बाबा," मी पुटपुटलो, "दिवाळीच्या आत आईला घरी सोडतो."

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाही आलं."

"दिवाळीच्या आत आईला नागपूरला सोडतो!" मी ओरडलो.

आई उठली. हात जरासा हलवला. मेपलवरून सगळी पलटण आधी तिच्या पायाशी आणि मग पानावर कोसळली! पान फाटलं, खीर उडाली. मेगन रडत होती. साने काकांनी चक्क हात जोडले.

परतताना गाडीत मी विचारलं, "आई, कावळे आधी तुझ्या पायाशी का आले गं?"

"ओळखतात मला. दर शनिवारी पोळी घालते त्यांना."

"मग आधीच का नाही बोलावलंस?"

"तू काहून स्कूटरवर गेलास? म्हटलं, मुद्द्यावर येऊ दे."

"म्हणजे बाबांची इच्छा वगैरे सगळं नाटक?"

"कावळे माझे होते," ती म्हणाली. "इच्छा त्यांचीच होती."

दिवाळीच्या आत आईला सोडून आलो. तिची तुळस वाळून गेली होती. तिनं दुसरी लावली.

म्युझियमच्या भिंतीवर आता फलक आहे. कार्यक्रमाच्या संकल्पनेचं श्रेय आईला आणि 'परिसरातील कावळ्यांना'. माझं नाव नाही, फोटो आहे. झाडाकडे बघून ओरडताना!

अजूनही शनिवारी पोळीचा डबा घेऊन मी त्या बाकावर जाऊन बसतो. कावळे मेपलवरून बघतात, पण एकही खाली येत नाही. माझ्याकडून अजून काहीतरी वदवून घ्यायचं राहिलं असावं!