बुजवलेला माग

शहापुरात आमचं घर विणकराचं. बाहेरच्या खोलीत आप्पांचा माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते दिवसभर लुगडी विणायचे. लुगडं उतरलं तरी विणकर माग कधी मोकळा करत नाही. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं तशीच मागावर ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडायचा. टोकं कापली की समजायचं, या घरात आता पुढे कुणी विणणार नाही.

धागे जोडायला माझा थोरला भाऊ, अण्णा, बसायचा. बोटांना राख लावून असा पीळ द्यायचा की जोड हाताला लागत नसे. शाळेतून आला की दप्तर फेकून आधी मागाकडं! आप्पांना ते खपायचं नाही. "ऊठ रं! माझं गुडघं बघितलास न्हवं? तू खुर्चीत बसायचं." मेल्या कारकुनीचं काय एवढं कौतुक होतं, देव जाणे. पण साऱ्या गल्लीलाच होतं.

अण्णा मॅट्रिक झाला आणि कॅम्पातल्या एका कचेरीत चिकटला. पहिल्या दिवशी तो टोपी घालून बाहेर पडला अन् इकडे आप्पांनी कात्री घेतली. टोकं कापली, माग सोडवून शेजाऱ्याला देऊन टाकला, खड्डा मातीनं बुजवला. आई "अवो, असं करू नगासा" म्हणत राहिली. ऐकतोय कोण! वर माझ्याकडून जमीन सारवून घेतली.

संध्याकाळी अण्णा आला आणि ओल्या जमिनीकडं बघत दारातच थांबला.

"सुटलास बघ लेका!" आप्पा हसत म्हणाले.

"आप्पा, नोकरी मी नवा माग घ्यायला धरलती. एकावर तुमी, एकावर मी, असं मनात हुतं."

आप्पांचा चेहरा उतरला. "मग बोलला न्हाईस कधी?"

"बोलू कवा दिलंसा?"

"उद्याच उकरतो खड्डा."

"ऱ्हाऊ द्या. तुमचं मनच न्हाय त्यात," म्हणून अण्णा पाय धुवायला गेला.

आपलेच दात, आपलेच ओठ. बोल कुणाला लावायचा? पण जीव अजून हळहळतो. तसा हात आमच्या घरात पुन्हा झाला नाही. अण्णा जन्मभर कचेरीतच राहिला.

आप्पा मात्र पार बदलले. गल्लीतलं कुणाचं पोर मागाशी, सुताराच्या रंध्याशी रमलेलं दिसलं की त्याच्या बापाला गाठायचे. "शिकू दे की रं त्याला! लई गुणाचा हात हाय पोराचा."

कितीजणांच्या पोरांबद्दल ते असं म्हणाले. अण्णा तिथंच कट्ट्यावर बसलेला असायचा. त्याला ते एवढं एकदा म्हणाले असते तर! शेवटपर्यंत त्यांना ते जमलं नाही.