फॉर्ममधली सुमन

‘पूर्ण नाव सांग.’

मी सांगितलं. आडनावापाशी सर थांबले. गाव विचारलं. राहायला कुठे, विचारलं. दिवा म्हटल्यावर म्हणाले, ‘बरं. तू मागे बस. आधी काही दिवस नुसतं बघ.’

त्या शनिवारी ठाण्यात नौपाड्याच्या हॉलवर माझ्याबरोबर आणखी दोघी नवीन होत्या. त्यांना आडनाव विचारायची गरजच नव्हती, सर त्यांच्या आयांना ओळखत होते. त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्च्या सरकवल्या.

ग्रुप जुना. वेबसाइट बनवायला मराठीतून शिकवणारा. सरांनी सुरू केलेला, म्हणजे सर तसं सांगतात. शनिवारी दुपारी जमायचं, एकमेकांचा कोड वाचायचा, आणि जे कळलं त्याचा धडा लिहून ग्रुपच्या साइटवर टाकायचा. धड्याखाली टाकणाऱ्याचं नाव आपोआप लागायचं. मी त्या नावासाठीच गेले होते. माजिवड्याच्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची माहिती टाइप करायचे. त्यातून सुटायचं तर स्वतःच्या नावावर काहीतरी दाखवायला हवं होतं.

‘काही दिवस’ आठ महिने चालले. मग मी फॉर्म कसा बनवायचा याचा धडा लिहिला. बाकीच्यांच्या धड्यांत विमानाच्या तिकिटाचे फॉर्म असायचे. मी विमानात कधी बसले नाही. मी आमच्या चाळीत येणाऱ्या टँकरचा फॉर्म केला. नाव, खोली नंबर, हंडे किती. नमुन्याला आईचं नाव घातलं. सुमन. खोली चौदा. हंडे सहा.

‘छान आहे,’ सर म्हणाले. ‘मला मेल कर. नवीन लोकांचं मीच तपासून टाकतो. पद्धत आहे आपली.’

धडा लागला. खाली सरांचं नाव.

मी विचारलं. ‘अगं, माझ्या खात्यातून गेलं म्हणून माझं येतं. टेक्निकल आहे ते. कळेल तुला हळूहळू.’

कळलं नव्हतं असं नाही. तरी मी गप्प बसले, आणि वर आणखी अकरा धडे मेल केले. याची चीड अजून येते. सरांपेक्षा स्वतःचीच जास्त.

तेव्हापासून मी बघायला लागले. कोण मेल करतं, कोण थेट टाकतं. माझ्याबरोबर आलेल्या त्या दोघी दुसऱ्याच महिन्यापासून आपापल्या खात्यातून टाकत होत्या. मेल करणारे सगळे मागच्या रांगेतले. मुंब्र्याचा एक, दिव्याच्या आम्ही दोघी, कळव्याची एक. कोणी हसून बोललं तरी वाटायचं, याला काय हवंय आता?

मग एका कंपनीत मुलाखतीला गेले. धडे उघडून दाखवले. समोरच्या बाईंनी पान खाली सरकवलं. ‘यावर तर दुसऱ्याचं नाव आहे.’ माझ्याकडे चोर पकडल्यासारखं बघितलं. माझ्या आईचं नाव त्या पानावर होतं, आणि चोर मी.

पुढच्या महिन्यात ग्रुपचा वर्धापनदिन. ग्रुपच्या इतिहासाची पुस्तिका काढलेली. सरांनी त्यातलं वाचून दाखवलं. ‘एकदा दिव्याला गेलो होतो. बायकांची हंड्यांची रांग बघितली. आतून हललो. त्यातून टँकरच्या फॉर्मचा धडा सुचला.’ टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं. चहापाण्याच्या व्यवस्थेत सहकार्य केल्याबद्दल गुलाबपुष्प.

शेजारी प्राची होती, माझ्याबरोबर आलेल्या त्या दोघींपैकी एक. ‘जा ना यार, मी फोटो काढते.’

गेले. माइक समोरच होता.

‘सर, फॉर्ममधली सुमन कोण?’

‘कोण सुमन?’

‘खोली चौदा. हंडे सहा. तुमच्या धड्यातली.’

सर हसले. ‘अगं, असंच नाव आहे. काहीतरी घालावं लागतं.’

‘माझी आई आहे ती.’

सर माइकपासून तोंड वळवून हळूच म्हणाले, ‘घरचा ग्रुप आहे आपला. घरात कोणी नाव मागतं का?’

‘मग तुमचं कशाला लावलंत?’

हातातला गुलाब टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. मागून कोणीतरी म्हणालं, ‘यांना डोक्यावर घेतलं की असंच होतं.’ मी एकटीच उतरत होते. तरी तो ‘यांना’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज. ‘तुझं नाव विशेष आभारात टाकतो.’ मी कळवलं, नको. आभार मदत करणाऱ्याचे मानतात. मी लिहिलंय.

आता दिव्यात आम्ही पाच जणी रविवारी बसतो. पहिल्याच दिवशी प्रत्येकीचं स्वतःचं खातं. धडा चुकला तर चुकलेला, पण जिचा तिनेच टाकायचा. मला कोणी मेल करायचा नाही. माझ्यावरही भरवसा ठेवू नका, असं मीच सांगितलंय.

आणि शनिवारी मी नौपाड्यालाच जाते. पुढच्या रांगेत बसते. सर आले की विचारते, ‘सुमन कोण?’ ते ऐकलं न ऐकलंसं करतात. करू देत. बारा धडे आहेत. बाराही माझ्या नावावर येईपर्यंत त्या खुर्चीवरून मी हलणार नाही.