मुठीवरची हळद

मावशी गेल्याचा काकांचा फोन आला तेव्हा मी डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या माझ्या घरात खिडकीशी उभी होते. बाहेर इतकं धुकं होतं की समोरच्या घरांची रांग कुणीतरी अर्धी पुसल्यासारखी दिसत होती. "रेखा आज उठलीच नाही गं..." एवढं म्हणून काका थांबले. मला काही बोलता आलं नाही. तसं एरवीही येत नाही. मावशी मला 'मौनीबाई' म्हणायची आणि आम्हा दोघींचं मिळून एकटीच बोलायची. त्या दिवशी फोनवर दोन्हीकडे नुसतं धुकं होतं.

रेखामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. काकांना स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून ती आयर्लंडला आली. आधी वेळ जात नाही म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडायची, मग एकेक वस्तू घ्यायला लागली, आणि एक दिवस तिने गावात चिंचोळंसं दुकान थाटलं. घड्याळं, पितळी दिवे, चहाचे सेट. पुढे लोक तिला घरी बोलावून वस्तूंची किंमत विचारू लागले. शनिवार-रविवार मी डब्लिनहून तिच्याकडे गेले की तिच्यासोबत जायचे आणि बॅटरी धरायचे. ती वस्तूकडे बघायची तेव्हा मात्र तीही गप्प असायची. ते गप्प बसणं मला फार आवडायचं.

फिंटनकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तो खंडेनवमीचा दिवस होता. सकाळी मावशीने पाटावर सुऱ्या, काकांचा स्टेथोस्कोप आणि माझा लॅपटॉप मांडून पूजा केली होती. लॅपटॉपच्या कोपऱ्यावरचं कुंकू मी गाडीत बसेपर्यंत हळूच पुसत होते. "पूस, पूस. बंद पडला की माझ्याकडे येऊ नकोस," ती म्हणाली.

फिंटन समुद्राकाठी एकटा राहायचा. त्याचा भाऊ टॉम वसंतात गेला होता. दोघं जन्मभर एकाच घरात राहिलेले. टॉमच्या थडग्यावर अजून लाकडी क्रॉस होता. फिंटनला तिथे दगड बसवायचा होता, आणि त्यासाठी टॉमचं रिव्हॉल्व्हर विकायचं होतं. त्याने ते प्रेसमधून काढलं (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात) आणि पेटीसकट टेबलावर ठेवलं. बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची ती नक्कल होती. नकलेला किती किंमत असणार, असं मला वाटलं. मावशीने पेटीवरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर ताडून पाहिला. मग मला चक्राच्या सहाही भोकांत उजेड धरायला लावला. आत काजळीचा कणही नव्हता. मूठ हस्तिदंतासारखी पांढरीशुभ्र. "अगं, अशी मोजकीच केली होती," ती माझ्या कानात म्हणाली. "आणि हे एकदाही उडवलेलं नाही! संग्राहक वेडे होतील." फिंटनला तिने मोठ्याने सांगितलं, "दगड येईल. चांगला येईल."

फिंटन चहा करायला आत गेला. खिडकीतून समुद्रावरचा फिकट उजेड टेबलावर पडला होता आणि त्यात ते रिव्हॉल्व्हर पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं... मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग पर्समधून कोयरी काढली, ओल्या बोटाने मुठीवर हळद-कुंकू लावलं आणि हात जोडले. समोर शस्त्र आणि आज नवमी, एवढंच तिच्या मनात आलं असावं. दोनच क्षण. मग भानावर येऊन तिने रुमालाने पुसलं. कुंकू गेलं. हळद गेली नाही.

तिने पुन्हा पुसलं, पदर भिजवून घासलं. पांढऱ्या मुठीवर बोटाएवढा पिवळा डाग तसाच राहिला. आतून कपांचा आवाज येत होता. मावशीने रिव्हॉल्व्हर डागाची बाजू खाली करून पेटीत ठेवलं. वरून ते पहिल्यासारखंच दिसत होतं. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. थोडा वेळ पेटीच्या कडेवर हात ठेवून बसली, आणि मग ते उलटं करून, डाग वर आणून ठेवलं.

फिंटन ट्रे घेऊन आला. "हे काय? करी सांडली?"

"हळद आहे. मी लावली," मावशी म्हणाली. "आमच्याकडे आजच्या दिवशी हत्यारांना नमस्कार करतात. निघत नाहीये, फिंटन. आता ह्याची किंमत निम्मी धर. राहिलेले पैसे मी देते."

तो बराच वेळ त्या डागाकडे बघत होता. "टॉमने जन्मात कशाला नमस्कार केला नाही," तो अखेर म्हणाला. "चर्चमध्येसुद्धा दाराशी उभा राहायचा." मग म्हणाला, "राहू दे आता." ते रागाने म्हणाला की कशाने, आम्हाला कळलं नाही.

संग्राहक आला, डाग बघून निम्म्याहूनही कमी म्हणाला. फिंटनने विकलं नाही. मावशीचे पैसेही घेतले नाहीत. वर्षभर तिच्या दुकानावरून जायचा तो मान हलवून पुढे जायचा, आणि मावशी जेवताना मध्येच म्हणायची, "त्या टॉमचा दगड माझ्यामुळे अडला."

पुढच्या शरद ऋतूत त्याचा फोन आला. "रेखा, ते तुझं हळदीबिळदीचं ह्याच आठवड्यात असतं ना?" आम्ही गेलो. त्याने टेबल पुसून पेटी उघडून ठेवली होती. मावशीने हळद लावली. मग त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हं. आता किती येतील?" मावशीने चष्मा चढवला, मूठ उजेडात फिरवली आणि म्हणाली, "गेल्या वर्षीपेक्षा कमी." दोघं इतके हसले की चहा बशीत सांडला. त्यानंतर दरवर्षी ती जायची. "विक रे आता," ती म्हणायची. "ह्या पिवळ्या प्रकाराला कोण घेणार?" तो म्हणायचा. दगड अजून बसलेला नाही. क्रॉसला मात्र तो दरवर्षी नवा रंग देतो.

मावशीला निरोप द्यायला तो डब्लिनपर्यंत आला होता आणि अंत्यसंस्काराच्या हॉलच्या दाराशी उभा राहिला होता. नवरात्रात त्याचा मला फोन आला. नंबर काकांनी दिला असावा. "ह्याच आठवड्यात ना?"

मी तिची कोयरी घेऊन एकटी गेले. मूठ आता बरीचशी पिवळी झाली आहे, जुन्या पानांसारखी. मी बोट भिजवलं. कुठे लावू ते कळेना, म्हणून जिथे तिचं बोट पडायचं तिथेच लावलं. फिंटन खिडकीशी उभा होता. समुद्रावर तोच फिकट उजेड होता.

"हं," तो म्हणाला. "आता किती येतील?"

मी मूठ उजेडात फिरवली.

"गेल्या वर्षीपेक्षा कमी," मी म्हणाले.

"ग्रँड," फिंटन म्हणाला, आणि चहा ठेवायला आत गेला.